चपला दारात की आत? आणि ओले रेनकोट कुठे?

उंबरठा:
घरात पाच माणसं. सासूबाईंना चपला उंबरठ्याच्या आत नकोत. सोसायटीने जिन्यासमोरचे रॅक हटवायची नोटीस लावली आहे. आत दाराच्या मागे 95 सेंमी रुंद भिंत मोकळी आहे, पण दार तिकडेच उघडतं. रेनकोट बाथरूममध्ये की बाल्कनीत, यावर रोज वाद. काय करावं?

तळमजला:
सोसायटीचं ऐका. आग लागली की धुरात पॅसेज दिसत नाही, माणसं रॅकला अडखळतात. सासूबाईंचा खरा आक्षेप चिखलाला असेल. मग दारातच कडा असलेला प्लास्टिकचा ट्रे ठेवा. ओली चप्पल आधी ट्रेमध्ये, वाळली की रॅकमध्ये. ओली चप्पल बंद कपाटात गेली की शेजारच्या कोरड्या बुटांनाही बुरशी धरते. चामडी बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला, पंख्याखाली ठेवा. कडक उन्हात नको: चामडं तडकतं, सोलचा गम सुटतो.

रेनकोट बाल्कनीतच, पण झड येत नाही त्या बाजूला. बाथरूममधली दमट हवा रात्रभर हलत नाही, अस्तराला वास येतो. खिळ्याला टोपीने अडकवू नका, तिथलीच शिवण उसवते. झटकून, उलटा करून हँगरवर. आणि स्कूटरच्या डिकीत ओला ठेवणं तर नकोच.

रंधा:
नऊ नंबरचा पुरुषी बूट साधारण 30 सेंमी लांब, म्हणजे आडव्या फळीला 33 ते 35 खोली लागते. दार पूर्ण उघडून मागे किती उरतं ते मोजा. कमी असेल तर पुढे झुकून उघडणारा उभा रॅक घ्या. तो भिंतीला स्क्रूने पक्का हवाच, नाहीतर कप्पा उघडताना अंगावर येतो. जाड सोलचे स्पोर्ट्स शूज त्यात अडकतात, त्यांना वेगळी जागा ठेवा.

पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा दाबून केलेला) टाळा, लादी पुसताना खालून फुगतो. आयएस 710 शिक्क्याचं, म्हणजे ओल सोसणारं मरीन प्लाय घ्या, कापलेल्या कडाही सील करून घ्या. खाली 10 सेंमीचे पाय, पाठीला वर-खाली हवेची भोकं.

उंबरठा:
मोजलं, 28 सेंमी. हँडल 6 सेंमी पुढे येतं.

रंधा:
उरले 22. मग 17-18 खोलीचा घ्या. 22 चा घेतलात तर हँडल रॅकवर आपटेल. जमिनीत डोअर स्टॉपर बसवा. तीन कप्प्यांत दहा जोड मावतील, म्हणजे माणशी रोजचे दोनच. सणासुदीचे खोक्यात घालून माळ्यावर.