जानकी अम्मल आणि आपला ८६०३२: फलकावर काय लिहावं?

वाळवा_मास्तर
विज्ञान दिनाला आठवीच्या पोरांचं प्रदर्शन आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांच्यावर 'भारताचा ऊस गोड करणाऱ्या जानकी अम्मल' असा फलक करून शेजारी ८६०३२ या वाणाच्या उसाची मोळी उभी करायची आहे. उसाच्या मुळीतली गुणसूत्रंही दाखवता येतील का? सूक्ष्मदर्शक ४०० पटीचा आहे.

फलटणकर
सर, फलक बदला. नेटवर तेच वाक्य फिरतंय, पण साल जुळत नाही. कोइमतूरचं ऊस पैदास केंद्र १९१२ चं. कांस गवताशी संकर करून काढलेला को २०५ हा वाण आला १९१८ ला, तिथल्या बार्बर आणि वेंकटरामन या शास्त्रज्ञांच्या काळात. जानकीबाई तिथं रुजू झाल्या १९३४ ला. ८६०३२ तर को ६२१९८ आणि कोसी ६७१ ची संतती.

त्यांचं खरं काम गुणसूत्रांचं आणि दूरच्या संकरांचं. ऊस आणि मका यांचा संकर त्यांनी १९३८ साली प्रसिद्ध केला. जाड, गोड उसात ८० गुणसूत्रं, कांसात ४० पासून १२८ पर्यंत. गोड ऊस मादी धरला तर त्याची बहुधा ८० च्या ८० उतरतात, निम्मी नाही. त्यामुळे संकरात नेमकं काय आलं हे मोजल्याशिवाय कळत नाही.

मुळीवाला
ऊस नको, कांदा घ्या. लागणीच्या संकरित उसात शंभरावर बारीक गुणसूत्रं, ४०० पटीत नुसता गिचका दिसेल. कांद्यात १६, आणि चांगली ठसठशीत.

कांदा पाण्याच्या ग्लासवर ठेवा, ३-४ दिवसांत मुळ्या फुटतात. सकाळी टोकं कापून ३ भाग अल्कोहोल, १ भाग ग्लेशियल अ‍ॅसिटिक आम्लात २४ तास. मग १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंशांवर ८ मिनिटं, धुऊन अ‍ॅसिटोकार्मिनमध्ये अर्धा तास. आम्ल मोठ्यांनीच हाताळायचं. शेवटचं २ मिलिमीटर टोक तेवढं काचपट्टीवर ठेवा, ४५ टक्के अ‍ॅसिटिक आम्लाचा थेंब टाका, वर झाकणकाच, टिपकागद, आणि अंगठ्यानं सरळ दाबा. काच सरकली की पेशी गुंडाळल्या जातात.

पेशी थरावर थर दिसल्या तर आम्लात कमी वेळ राहिली. सगळ्या लांबट आणि विभाजन एकही नाही, म्हणजे टोक सोडून वरचा भाग आलाय. ही चूक हमखास होते.

वाळवा_मास्तर
मग मोळी ठेवूच नको?

फलटणकर
ठेवा की. फक्त शेजारी कृष्णाकाठचं कांस उपटून आणून लावा, आणि दोन्हींची जाडी पोरांना पट्टीनं मोजू द्या.