सोयाबीनमधले ‘विदेशी पदार्थ’, म्हणजे नेमकं काय?

वावरकर (वाशीम)
आमच्याकडच्या एका सोयाबीन खरेदी केंद्रावर दर्जाचा फलक लागला होता. ओलावा १२ टक्के, आणि त्याच्या खाली ‘विदेशी पदार्थ २ टक्के’. इंग्रजी निकषांत ‘फॉरेन मॅटर’ असतं, ते कुणीतरी शब्दाला शब्द लावून उतरवून टाकलेलं. माझ्या पुढच्या काकांनी ग्रेडरला विचारलं, “विदेशी कोनतं बावा याच्यात? माती माह्या वावरातली, काड्या माह्या वावरातल्या.” ग्रेडरनं चाळणीखालचं ताट पुढं केलं. त्यात काळ्या मातीचं एक ढेकूळ, शेंगांची टरफलं आणि थोड्या काड्या. सोयाबीन मूळचं चीनकडचं, ते फलकावर आपलं. आणि वाशीमची काळी माती विदेशी!

माझं म्हणणं असं, की ‘फॉरेन’ म्हणजे दर वेळी दुसऱ्या देशाचं नसतं. जिथं असायला नको तिथं आलेलं, असाही त्याचा अर्थ आहे. मराठीनं ही कामं कधीच वाटून दिलीत. मंत्रालय परराष्ट्र, चलन परकीय, मद्य विदेशी, चिंच विलायती आणि माणूस परका. ‘परका मंत्री’ कुणी म्हणत नाही. मग धान्याच्या फलकावर ‘विदेशी’ कशाला? आपल्याकडं ‘मातेरं’ हा शब्द असताना?

शिस्तप्रिय (अकोला)
फलक चुकला, मान्य. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. मातेरं तुमच्या-माझ्या गावात चालेल. निकष सगळ्या राज्याला एकच लागतात आणि त्यावरून माल परत जातो, त्यामुळे शब्दही एकच हवा. ‘बाह्य पदार्थ’ म्हणा, भांडण मिटलं. १९६० पासून भाषा संचालनालय आहे, परिभाषा कोश आहेत. ते न उघडता फलक रंगवला, एवढाच दोष.

आणि मराठीनं कामं वाटून दिलीत हे ऐकायला छान वाटतं, पण खरं नाही. थेट विदेशी गुंतवणूक, थेट परकीय गुंतवणूक, थेट परदेशी गुंतवणूक, तिन्ही वाचलंय मी, कधी कधी एकाच बातमीत. वाटणी झाली असती तर असं झालं असतं का?

पऱ्हाटीवाला (यवतमाळ)
भाऊ, तुमी शब्दाचं लय मनावर घेऊन रायले. आमच्या गावात कोंबडीचे दोनच पक्ष हायेत, गावरानी अन् बॉयलर. बॉयलर जलमली इथल्याच शेडमंदी, पन तिले कोनी गावची म्हनत नाई. बाटलीचंई तसंच. स्वस्त ते देशी, महाग ते इंग्लिश. अन् कागदावर तिचं नाव काय, त ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’. भारतात बनली त विदेशी कायची? पन सरकारले चालते, पिणाऱ्याले चालते. मंग सोयाबीनमंदलंच विदेशी कायले खुपते? जे आपल्यात धरत नाई ते विदेशी. फलक बरोबर हाय.

सेलूकर (वर्धा)
आमच्या जिल्ह्यात दोन्ही बाटल्यांना बंदी आहे, त्यामुळे या उदाहरणावर मत राखून ठेवतो.

दाराबाहेर (अमरावती)
कॉलेजात इंग्रजी शिकवते, म्हणून थोडं मुळाकडे जाते. ‘फॉरेन’ लॅटिनमधल्या ‘फोरिस’वरून आला. अर्थ : दाराबाहेर. देशाचा त्यात संबंधच नव्हता. ते मूळ आणि आपलं ‘दार’, संस्कृत ‘द्वार’, एकाच प्राचीन धातूपासून फुटलेले. ‘फॉरेस्ट’सुद्धा त्याच घरातला, कुंपणाबाहेरचं ते रान. ‘फॉरेन’मधलं ‘जी’ हे अक्षर तर मुळात नव्हतंच, ‘रेन’ म्हणजे राज्य, या शब्दाच्या स्पेलिंगच्या नादानं घुसलं. (आठवीतली पोरं ज्या अक्षरासाठी मार खातात ते असं.)

अमेरिकेच्या कायद्यात आजही एका राज्याची कंपनी दुसऱ्या राज्यात ‘फॉरेन’ ठरते. परक्या देशातली असेल तर तिला ‘एलियन’ म्हणतात. म्हणजे वावरकरांचा मुद्दा इंग्रजीतच बसतो.

पण सगळे समानार्थी शब्द एका पोत्यात भरू नका. ‘एलियन’चं मूळ ‘दुसरा’ या अर्थाचं, त्यात आपला-तुपला भेद आहे. ‘स्ट्रेंज’ बाहेरचा होता, तो पुढे विचित्र झाला. ‘एक्झॉटिक’ही बाहेरचाच, पण त्याला हौस चिकटलेली. नागपूरच्या मॉलमध्ये ब्रोकोली आणि झुकिनी ‘एक्झॉटिक’च्या फळीवर असतात. बटाटा दक्षिण अमेरिकेतून आला, तो खाली क्रेटमध्ये पडलेला. माहेर लांबचं असून भागत नाही, भावही लांबचा लागतो.

पऱ्हाटीवाला
म्याडम, दाराबाहेरचं ते फॉरेन, त आमची बैलजोडीई फॉरेनच म्हना.

कुसळ (बुलडाणा)
मळणीच्या हंगामात डोळ्यात कुसळ घेऊन रोज कुणी ना कुणी दवाखान्यात येतं. आम्ही केसपेपरवर ‘फॉरेन बॉडी’ लिहितो. एका आजोबांच्या नातवानं तो मोठ्यानं वाचला आणि आजोबा घाबरले, त्यांना वाटलं डोळ्यात काहीतरी भलतंच निघालं. त्यांना मी “कुसळ होतं, काढलं” एवढंच सांगितलं. कागदावर मात्र कुसळ लिहून चालत नाही. उद्या तिथं लोखंडाचा कीस असेल, परवा वाळू. वर्ग एक लागतो. त्यामुळे मी शिस्तप्रिय यांच्या बाजूनं.

रायमुनिया (मेळघाटच्या पायथ्याशी)
इथं सगळे जण ‘विदेशी म्हणजे देशाबाहेरचं नव्हे’ म्हणून मोकळे होताहेत. जंगलाच्या कामात हे परवडत नाही. रायमुनिया, म्हणजे लँटाना, बाहेरून आणलेलं शोभेचं झुडूप. त्यानं जागा धरली की खाली गवत उगवत नाही, आणि गवत नाही तर चितळानं खायचं काय? गाजरगवताची तीच गोष्ट. तिथं मला ‘मूळचं इथलं नाही’ हे स्पष्ट सांगणारा शब्द हवाच, ‘रानातला कचरा’ म्हणून भागत नाही.

मात्र विदेशी आणि आक्रमक या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. गुलमोहर मादागास्करचा, तो शाळेच्या आवारात फुलतो आणि तिथंच राहतो. त्याच्यावर कुऱ्हाड घेऊन धावायचं कारण नाही.

ज्वारीचं कणीस (अकोट)
मग मूळ शोधायचंच तर पूर्ण शोधा. ज्वारी आफ्रिकेतली. मिरची पोर्तुगीजांबरोबर आली आणि आज भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. भुईमूग, सीताफळ, टमाटर, सगळे अमेरिका खंडातले. भाकर, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी असं वऱ्हाडी ताट वाढा आणि त्यातलं विदेशी बाजूला काढा. मीठ उरेल. तूर तेवढी आपली. ‘विदेशी’ हा शब्दच निरुपयोगी आहे, तो फक्त कुणाला तरी खाली दाखवायला वापरतात. निवडणुकीत पलीकडच्या तालुक्यातला उमेदवार आला की लगेच ‘पार्सल’ होतो. तो कुठल्या देशातून आला?

रायमुनिया
ज्वारी हजारो वर्षं माणसाच्या हातानं पेरली गेली. रायमुनिया कुणी पेरत नाही, तरी पसरते. फरक तारखेचा नाही, वागण्याचा आहे.

ज्वारीचं कणीस
मग वागण्यावरून नाव द्या! ‘आक्रमक’ पुरेसं आहे, विदेशी कशाला जोडता?

रायमुनिया
कारण ती ज्या मुलखातली आहे तिथं तिला खाणारे किडे आहेत, इथं ते तिच्याबरोबर आले नाहीत. ती आवरत नाही ती त्यामुळंही. कुठून आली हे कळल्याशिवाय उपाय सापडत नाही.

आडनाव परदेशी (मूर्तिजापूर)
माझे पूर्वज उत्तरेतून आले, केव्हा ते घरात कुणाला धड सांगता येत नाही. घरात वऱ्हाडी बोलतो, शेती इथं, सोयरीक इथं, आणि आडनाव परदेशी. पासपोर्टच्या रांगेत यावर विनोद होतात, ते सगळे ऐकून झालेत. तक्रार नाही. पण शब्दाचा अर्थ बदलला तरी शब्द चिकटून राहतो, हे शिस्तप्रिय यांनी लक्षात घ्यावं. कोशात काहीही छापा, लोक वापरतील तेच टिकेल.

वावरकर
शिस्तप्रिय आणि डॉक्टरसाहेब, एक उदाहरण देतो. बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली. तिच्यात ‘फॉरेन जीन’ आहे असं इंग्रजीत लिहितात. ते जनुक मातीतल्या एका जिवाणूचं. कपाशीचं नाही, म्हणून फॉरेन. आमच्या गावातल्या सभेत कुणीतरी त्याचं ‘विदेशी जनुक’ केलं आणि अर्धा तास वाद झाला तो कंपनी अमेरिकेची की इथली यावर! खरा प्रश्न, दुसऱ्या जीवाचं जनुक पिकात घालावं की नाही, बाजूलाच राहिला. आणि गंमत पाहा, ज्या जातीच्या कपाशीत ते घातलं ती अमेरिकी कपाशीच. आपली गावरानी वेगळी. तिथं ‘परजीवाचं जनुक’ म्हटलं असतं तर वाद निदान योग्य जागी झाला असता. एकच वर्ग, एकच शब्द हे कागदाला सोयीचं आहे. ऐकणाऱ्याला नाही.

शिस्तप्रिय
जनुकाचं मान्य. आता मातेऱ्याकडे या. माझ्या घरी मातेरं म्हणजे माती-कचरा आणि त्याच्याबरोबर फुटका, बारीक दाणाही. तुमच्याकडे?

वावरकर
फुटका दाणाही येतो त्यात.

शिस्तप्रिय
मग बघा. निकषात फुटक्या दाण्याचा रकाना वेगळा आहे, त्याची सूट वेगळी. फलकावर ‘मातेरं २ टक्के’ लिहिलं तर ग्रेडर फुटका दाणाही त्यात मोजेल आणि माल परत पाठवेल. तुमच्या गोड शब्दानं तुमच्याच काकांचं नुकसान.

वावरकर
हे मात्र बिनतोड. मग ‘माती, काडी, कचरा’ लिहा. पण ‘बाह्य पदार्थ’ नको. ते वाचून काका पुन्हा तेच विचारतील, बाह्य कोणतं?

शिस्तप्रिय
आणि खडा? तुम्ही यादी केलीत की ती वाढतच जाणार. म्हणूनच ‘बाह्य’.

पऱ्हाटीवाला
खडाई लिवा. अन् चाळणी मारायचे पैसे कोन देते, थेई फलकावर लिवा. बाकी तुमी काईबी म्हना.