मेसनिक एप्रन, पदकं आणि ‘३३वी पदवी’: गैरसमजाचं खापर कुणावर?

ओळंबा

जुन्या पेटीतून मेसनिक, म्हणजे फ्रीमेसन या बंद दाराआड भरणाऱ्या बंधुमंडळाचं, एप्रन किंवा पदक निघालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: “हा माणूस कितव्या पदवीचा? ३३ची तर नव्हे?” दुसरा प्रश्न कवटीवरून नाहीतर डोळ्यावरून येतो. माझं मत असं की फ्रीमेसनांबद्दलचे बरेचसे गैरसमज वस्तू वाचता येत नाहीत म्हणून होतात. पदवी, हुद्दा आणि मान या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वस्तूवर त्या वेगवेगळ्या दिसतात. आपण तिन्हींची खिचडी करतो.

लॉजमधल्या, म्हणजे मेसनांच्या स्थानिक शाखेतल्या, पदव्या तीनच: एंटर्ड अ‍ॅप्रेंटिस, फेलो क्राफ्ट, मास्टर मेसन. म्हणजे उमेदवार, कारागीर, उस्ताद. इंग्लिश ग्रँड लॉजच्या (लॉजांच्या मध्यवर्ती संस्थेच्या) नियमांत एप्रनचं मापही ठरलेलं आहे: रुंदी १४ ते १६ इंच, उंची १२ ते १४ इंच. कोरं पांढरं कोकराचं कातडं म्हणजे पहिली पदवी. खालच्या दोन कोपऱ्यांत आकाशी रिबिनीची फुलं म्हणजे दुसरी. आकाशी काठ, वरच्या झडपेवर तिसरं फूल आणि दोन बाजूंना चंदेरी गोंडे म्हणजे तिसरी. फुलांच्या जागी उलट्या ‘टी’सारखे तीन चंदेरी आकार असले तर तो माणूस लॉजचा मास्टर होता किंवा होऊन गेला होता. ही चौथी पदवी नव्हे, तो वर्षभराचा निवडून दिलेला हुद्दा. वर्ष संपलं की खुर्ची दुसऱ्याची.

हुद्दा कॉलरला लटकणाऱ्या चिन्हावरून कळतो. गुण्या मास्टरचा, पाणसळ सीनियर वॉर्डनची, ओळंबा ज्युनियर वॉर्डनचा. किल्ली खजिनदाराची, फुलीत बांधलेल्या दोन लेखण्या सचिवाच्या, चोचीत ऑलिव्हची फांदी घेतलेलं कबुतर डीकनचं, एक तलवार दाराबाहेरच्या टायलरची, फुलीतल्या दोन तलवारी आतल्या पहारेकऱ्याच्या. अख्खी पाथरवटांची हत्यारपेटी आणि कार्यालयाचं कपाट आहे हे. यात गूढ कुठे आहे?

---

तिरपा_डोळा

गूढ तुम्ही सोयीस्करपणे वगळलंत. “पदव्या तीनच” हे वाक्य अर्धंच आहे. १८१३ साली इंग्लंडमधल्या दोन भांडखोर ग्रँड लॉज एकत्र आल्या तेव्हाच्या करारातच “तीनच पदव्या, त्याहून जास्त नाहीत” म्हटलं आणि त्याच दमात रॉयल आर्चचा त्यांत समावेश केला. म्हणजे तीनच, पण तिसरीच्या पोटात आणखी एक. असला हिशेब लिहिणाऱ्यांनी लोकांना गणित येत नाही म्हणून हसू नये.

पुढे स्कॉटिश राइट, ही मेसनांसाठीची ३३ पदव्यांची वेगळी मालिका. त्यातल्या पदव्यांची नावं बघा: १६वी ‘प्रिन्स ऑफ जेरुसलेम’, १९वी ‘ग्रँड पाँटिफ’, ३२वी ‘सब्लाइम प्रिन्स ऑफ द रॉयल सीक्रेट’, ३३वी ‘सॉव्हरिन ग्रँड इन्स्पेक्टर जनरल’. नाकापेक्षा मोती जड. ‘राजगुपिताचा राजपुत्र’ असं बिरुद मिरवायचं आणि बाहेरच्याला तो उतरंडीचा माथा वाटला की त्याला अडाणी ठरवायचं? खापर वाचणाऱ्यावर का? ज्यांनी लिहिलं त्यांच्यावर फोडा.

---

चांदीपारखी

नावं भपकेबाज आहेत, कबूल. पण पेटीतली वस्तू ओळखायची तर नावापेक्षा यंत्रणा महत्त्वाची.

स्कॉटिश राइट ही वेगळी संस्था. तिची पहिली सुप्रीम कौन्सिल (सर्वोच्च मंडळ) १८०१ साली अमेरिकेत चार्ल्सटनला स्थापन झाली. ती बहुतेक ठिकाणी ४थीपासून सुरू होते, पहिल्या तीन पदव्या लॉजकडून घेऊन यायच्या. अमेरिकेत ३२वीपर्यंतचा प्रवास कित्येकदा एखाद्या शनिवार-रविवारी उरकतो. सभागृहात बसून काही पदव्या नाट्यरूपात बघायच्या, बाकीच्या नावापुरत्या. इंग्लंडमध्ये ४ ते १७ नुसत्या नाव घेऊन दिल्या जातात, विधी पूर्ण होतो तो १८वीचा, ‘रोझ क्र्वा’ म्हणजे गुलाब-क्रूसाचा. त्यापुढच्या ३०, ३१, ३२ आणि ३३ कामाबद्दल मोजक्यांना मिळतात. अमेरिकेत ३३वी मानाची असते, ती मागता येत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: ३३वीवाला कुठल्याही साध्या लॉजच्या मास्टरला हुकूम देऊ शकत नाही. लॉजच्या सभेत तो तिसऱ्या पदवीचा सभासद, बस्स. ३३ हा आकडा ३च्या वर ३० पायऱ्या असा वाचूच नये. ते शेजारच्या घराचे मजले आहेत.

एप्रनवरून फरक लगेच कळतो. काठ आकाशी असेल तर लॉज. लाल आणि जांभळ्या दातेरी त्रिकोणांचा काठ असेल तर रॉयल आर्च. चोचीनं छाती फोडून पिल्लांना भरवणारी पेलिकन आणि गुलाबाचा क्रूस दिसला तर १८वी. कमानीच्या माथ्यावरच्या मधल्या दगडाच्या आकाराचं पदक आणि त्यावर वर्तुळात आठ रोमन अक्षरं म्हणजे मार्क मेसन ही आणखी एक जोडशाखा. गडद निळा काठ आणि सोनेरी काम म्हणजे प्रांतिक किंवा ग्रँड लॉजचा हुद्दा, तोही बऱ्याचदा निव्वळ मानाचा. याच गडद निळ्याला लोक ‘आतलं वर्तुळ’ समजतात. प्रत्यक्षात ते जिल्हा कार्यालय.

---

ओळंबा

“जिल्हा कार्यालय” आवडलं. एक भर: ही सगळी ओळख इंग्लिश पद्धतीची. स्कॉटलंडमध्ये प्रत्येक लॉज स्वतःचे रंग ठरवते, झडपही बहुधा गोलाकार असते, त्यामुळे तिथला हिरवा किंवा चौकड्यांचा काठ बघून “कुठली तरी गुप्त शाखा” म्हणू नये. पदकामागे क्रमांकाशेजारी कोरलेली दोन रोमन अक्षरं बघा: ई. सी. म्हणजे इंग्लिश, एस. सी. स्कॉटिश, आय. सी. आयरिश घटना (कॉन्स्टिट्यूशन).

तिरपा_डोळा यांना: भपका हा मूर्खपणा असेल, कटाचा पुरावा नव्हे.

---

तिरपा_डोळा

कट मी म्हटलंच नाही. मी म्हणतोय की धुकं यांनीच पसरवलं. तीन गोष्टी घ्या.

एक, वंशावळ. १७२३च्या पहिल्या छापील घटनेत ती लिहिणाऱ्या जेम्स अँडरसननं मेसनांचा इतिहास थेट आदमपासून सुरू केला. ग्रँड लॉजचा जन्म १७१७चा, लंडनच्या ‘गूज अँड ग्रिडायरन’ नावाच्या दारूच्या गुत्त्यातला, आणि तोही १७२१चा असावा असा वाद अभ्यासकांत आहे. गुत्त्यातला जन्म सांगायची लाज वाटली म्हणून आदम आणला.

दोन, टेंपलर, म्हणजे क्रूसेडच्या काळातले ख्रिस्ती धर्मयोद्धे. १३१२ साली बरखास्त झालेल्या सरदारांशी नातं जोडलं जर्मनीतल्या फॉन हुंडच्या पंथानं, अठराव्या शतकात. १७८२च्या विल्हेल्म्सबाडच्या परिषदेत त्यांच्याच लोकांनी तो दावा सोडून दिला. तरी ‘नाइट्स टेंपलर’ ही शाखा आजही तलवारी लावून फिरते. मग गुप्त खजिन्याच्या गोष्टी बाहेरच्यांनी रचल्या म्हणून रडायचं कशाला?

तीन, शपथ. गळा चिरण्याच्या शिक्षेची भाषा इंग्लिश लॉजच्या शपथेतून काढली ती १९८६ साली. अडीचशेहून जास्त वर्षं ती तोंडानं म्हटली गेली. प्रतीकात्मक होती, मान्य. पण बाहेरच्याला हे सांगणार कोण, आत तर कुणी बोलायचं नाही.

---

कुंपणावर

दोघांचं वाचतोय. पण सैतानाची पूजा, डॉलरवरचा डोळा, इल्युमिनाटी, हे तरी मेसनांनी स्वतः पसरवलेलं नाही ना?

---

ओळंबा

नाही, आणि तिथेच तिरपा_डोळा यांचा मुद्दा लंगडा पडतो.

सैतानाची गोष्ट बरीचशी लिओ टॅक्सिल नावाच्या फ्रेंच लेखकाची. त्यानं बारा वर्षं चर्चला आणि मेसनांना एकाच वेळी मूर्ख बनवलं आणि १९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसमध्ये भर सभेत सगळं बनावट असल्याचं कबूल केलं. अमेरिकेतल्या स्कॉटिश राइटचा प्रमुख अल्बर्ट पाइक याच्या तोंडी घातलेलं ल्युसिफरपूजेचं ‘फर्मान’ त्याच कारखान्यातलं. कबुलीला सव्वाशे वर्षं झाली, फर्मान अजून फिरतंय.

डोळा: अमेरिकेच्या राजमुद्रेवर तो १७८२ साली आला. १७७६च्या पहिल्या समितीत मेसन एकटा फ्रँकलिन, आणि त्याच्या प्रस्तावात डोळा नव्हता. ईश्वराची नजर म्हणून तो ख्रिस्ती चित्रांत कितीतरी आधीपासून होता. एक डॉलरच्या नोटेवर ती बाजू १९३५ साली छापली गेली.

इल्युमिनाटी ही जर्मनीतली गुप्त संघटना: स्थापना १ मे १७७६, इंगोलश्टाट, संस्थापक वाइसहाउप्ट नावाचा प्राध्यापक. दहा वर्षांच्या आत बव्हेरियाच्या शासकानं बंदी घालून मोडीत काढली. त्यांनी लॉजमध्ये घुसून माणसं गोळा केली हे खरं. पण घरात शिरलेल्या भाडेकरूवरून घरमालकाचं गोत्र ठरत नाही.

---

तिरपा_डोळा

टॅक्सिल मान्य. पण तो का खपला हे बघा ना. दार बंद असलं की भिंतीलगत कान लावणाऱ्याचं ऐकावं लागतं. १७३० साली सॅम्युअल प्रिचर्डनं तिन्ही पदव्यांचा विधी लंडनमध्ये छापला तेव्हाच गुपित संपलं होतं. तरी पुढची तीनशे वर्षं “आम्ही बोलत नाही”. आणि ‘वर्शिपफुल मास्टर’? ऐकणाऱ्याला पूजा आठवणारच.

---

चांदीपारखी

‘वर्शिपफुल’ म्हणजे जुन्या इंग्रजीत ‘सन्माननीय’. इंग्लंडमधल्या महापौरांना आणि लंडनच्या व्यावसायिक गिल्डांनाही तोच शब्द लावतात. त्यांची कुणी पूजा करत नाही, उलट शिव्याच घालतात.

वाद चालू द्या, पण पेट्यांचं नुकसान गैरसमजापेक्षा हौसेनं जास्त होतं, म्हणून थोडं कामाचं.

पहिली चूक, वस्तू मेसनिक आहे हे धरून चालणं. म्हशीची शिंगं असलेलं पदक हे १८२२ साली निघालेल्या ‘बफेलोज’ मंडळाचं. तीन कड्यांची साखळी आणि एफ. एल. टी. अक्षरं ‘ऑड फेलोज’ची, आणि अमेरिकेत जुन्या सभागृहांच्या भिंतीत, माळ्यावर जे खरे सांगाडे सापडतात तेही बहुधा त्यांचे. तो सांगाडा मेसनांच्या नावावर जमा होतो.

दुसरी चूक, १९१४–१९१८ हे आकडे बघून युद्धातलं शौर्यपदक समजणं. चौकोनी क्रूस, मधे पंख असलेली आकृती हातात मंदिर धरून उभी, दोन टोकांना ती दोन वर्षं आणि वर गुण्या आणि कंपास. हे ‘हॉल स्टोन ज्युअल’. महायुद्धात गेलेल्या मेसनांचं स्मारक म्हणून लंडनची इमारत बांधायला देणगी दिल्याची ती खूण आहे: १० गिनींना (गिनी हे जुनं इंग्लिश चलन) चांदीचं, १०० गिनींना सोन्याचं. इमारत १९३३ साली उघडली. आजोबा लढाईत होते असा निष्कर्ष यावरून काढू नका. (मेसन याला ज्युअल म्हणतात, रत्न असेलच असं नाही. बऱ्याचदा पितळेवर मुलामा असतो.)

तिसरी, लॉजचा क्रमांक आजच्या यादीत शोधणं. इंग्लिश लॉजचे क्रमांक १८१४, १८३२ आणि १८६३ साली बदलले. १८५०च्या पदकावरचा क्रमांक आज भलत्याच लॉजचा असतो. जॉन लेन यांची लॉजांची जुनी सूची आंतरजालावर आहे, त्यात वर्ष आणि क्रमांक दोन्ही घालून बघा. नाव सापडलं की १७५१ ते १९२१च्या सभासद नोंदवह्याही चाळता येतात. नाव पदकाच्या मागच्या बाजूला, रिबिनीआड वरच्या पट्टीवर किंवा एप्रनच्या झडपेखाली असतं.

चौथी, साफसफाई. एप्रनचं पांढरं कातडं बहुधा तुरटीनं कमावलेलं असतं. पाणी लागलं की तुरटी निघते आणि वाळल्यावर ते पुठ्ठ्यासारखं ताठ होतं, मग घडीवर तडकतं. कोरडा मऊ ब्रश, एवढंच. सोनेरी चांदीवर पॉलिश घासलं की मुलामा जातो आणि खालची चांदी डोकावते. चांदी बुडवून साफ करायचं द्रावण मीन्याच्या फटीत शिरतं आणि तुकडे सुटतात. जरीच्या गोंड्यांना काहीच लावू नका, पॉलिश धाग्यात बसून हिरवं पडतं. ठेवताना लोकर, रबरबँड आणि पीव्हीसीच्या पिशव्या टाळा, चांदी त्यांनीच काळवंडते. आम्लविरहित कागद, सपाट खोका, आणि घडी घालावीच लागली तर आत कागदाची गुंडाळी.

---

कुंपणावर

एप्रनच्या पट्ट्याला अडकवायचा सापाच्या आकाराचा आकडा असतो. तोही निरुपद्रवी?

---

चांदीपारखी

तो एस आकाराचा आकडा एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात शाळकरी मुलांच्या आणि क्रिकेटपटूंच्या पट्ट्यालाही असायचा. कारागिराकडे तोच साचा होता.

---

तिरपा_डोळा

साप सोडून दिला. पण मालकीचं बोला. हुद्द्याची चिन्हं बऱ्याचदा लॉजची असतात आणि माणूस गेला की घरातच राहतात. परत द्यायला नकोत?

---

ओळंबा

द्यायला हवीत, पण बघून. कॉलर आणि तिला लटकलेलं चिन्ह, मागे कुणाचंही नाव नाही, फक्त लॉजचं नाव किंवा तेही नाही: ते लॉजचं धरा आणि विचारा. मागे “अमुक बंधूंना मास्टरपदाच्या वर्षाबद्दल लॉजकडून भेट” असं कोरलं असेल तर ते त्या माणसाचं, म्हणून आता वारसांचं. गुण्याला लटकलेली युक्लिडच्या ४७व्या (म्हणजे पायथागोरसच्या) सिद्धान्ताची आकृती हे माजी मास्टरचं पदक. ते बहुतेक वेळा वैयक्तिक भेटच असतं. एप्रनही सभासदाचं.

---

चांदीपारखी

इथे माझा विरोध आहे. लॉज बंद पडतात, एकमेकींत मिसळतात, आणि परत दिलेलं पदक पुढे कुठे जातं याची नोंद क्वचित राहते. आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, चांदीचे शिक्के वाचा (चालणारा सिंह म्हणजे ९२५, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, ३७५ म्हणजे ९ कॅरट सोनं), सभासदाचं प्रमाणपत्र असेल तर त्याच्या समासातली सही पदकावरच्या नावाशी ताडून बघा. मग द्यायचं ते द्या, पोचपावती घेऊन. आणि सोनाराकडे वजनावर विकू नका. ९ कॅरटची माजी मास्टरची पदकं अशीच वितळली जातात.

रिबीन मात्र पदकापासून सोडवू नका, कितीही विरलेली असो. रॉयल आर्चचं तेच पदक पांढऱ्या रिबिनीवर साध्या सभासदाचं असतं, किरमिजी रिबिनीवर चॅप्टरच्या (रॉयल आर्चच्या स्थानिक शाखेच्या) प्रमुखाचं आणि तिरंगी असेल तर प्रांतिक किंवा ग्रँड हुद्द्याचं. एकदा नवी रिबीन लावली की धातूवरून हे कळायला मार्ग राहत नाही.