युनिव्हर्सिटीत सिम्युलेशन्स बनवणं म्हणजे करिअर साइडिंगला टाकणं का?

विजेरी:
परवा एका जुन्या सहकाऱ्याने ऐकवलं, की युनिव्हर्सिटीत मुलांसाठी फिजिक्सची सिम्युलेशन्स (स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग, थोडक्यात सिम्स) बनवत बसलीस, करिअर साइडिंगला टाकलंस. पाच वर्षं हेच करतेय आणि मला हे अजिबात पटत नाही. स्प्रिंगला टांगलेलं वजन वरखाली होतंय एवढंच सिम घ्या. सरळसोट ऑयलरच्या पद्धतीने, म्हणजे काळाचं एकेक छोटं पाऊल टाकत आत्ताच्या वेगावरून पुढची जागा मोजत, लिहिलं की प्रत्येक पावलाला थोडी ऊर्जा वाढत जाते, घर्षण शून्य ठेवा, मिनिटभरात वजन स्क्रीनबाहेर, म्हणजे ऊर्जा कायम राहते हे शिकवायला निघालेलं सिमच तो नियम मोडतंय! पुढची जागा मोजायची दुसरी, वर्लेची पद्धत घेतली की आटोक्यात येतं. पोरगं दुसऱ्या टॅबवर जाऊन दोन मिनिटांनी परत आलं आणि ती दोन मिनिटं तुम्ही एकाच पावलात मोजलीत तर ग्रहांच्या सिममध्ये ग्रह सूर्यापासून भिरकावला जातो, म्हणून पावलालाही मर्यादा घालावी लागते.

पण खरं शिकले ते मुलांच्या मागे बसून. आमच्याकडे विद्यार्थ्याला सिम देऊन मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायला सांगतात, आणि डेव्हलपरने मागे गप्प बसायचं. एका मुलीने दोन्ही वायरी बल्बच्या एकाच टोकाला लावल्या, बल्ब पेटेना, चार वेळा रीसेट केलं आणि म्हणाली "मला सर्किट जमतच नाही". चूक माझी होती, दोन टोकं मी इतकी जवळ काढली होती की तिला ती एकच वाटली. त्याच संध्याकाळी अंतर वाढवलं. बल्ब जरा बेढब दिसतो आता, पण नंतरच्या मुलांचे हात बरोबर दोन ठिकाणी गेले.

जुना_कोडर:
काम चांगलंय, वाद नाही. पण पोट ग्रँटवर आहे हे सांगा की नव्या मुलांना. मी अशाच एका प्रोजेक्टवर तीन वर्षं होतो, ग्रँट पुढे मिळाली नाही, टीम पांगली आणि सगळी सिम्स फ्लॅशमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये अ‍ॅनिमेशन चालवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये. 31 डिसेंबर 2020 ला फ्लॅशचा सपोर्ट संपला तेव्हा ती पुन्हा लिहायला कोणी उरलंच नव्हतं. तीन वर्षांचं काम, आज उघडतही नाही.

विजेरी:
हे वाचून वाईट वाटलं, आणि ग्रँटचं मान्यच. म्हणूनच कोड खुला ठेवा म्हणते. कोलोरॅडो बोल्डर युनिव्हर्सिटीचा फेट (PhET) हा अशाच सिम्सचा प्रोजेक्ट बघा, 2001 चं फिजिक्सचं नोबेल मिळालेल्या कार्ल वाइमन यांनी 2002 मध्ये सुरू केलेला, त्यांचीही सिम्स जावा आणि फ्लॅशमध्येच होती, एकेक करत ब्राउझरमध्ये थेट चालणाऱ्या एचटीएमएल5 मध्ये नव्याने लिहिली, आणि सोर्स कोड कोणालाही बघता येतो.

लॅबवाले_सर:
मला नोकरीशी घेणंदेणं नाही, माझी तक्रार वेगळी आहे. तुमच्या सिममध्ये इलेक्ट्रॉन वायरीतून धावताना दिसतात, मग मुलं ठामपणे लिहितात की बटण दाबलं की इलेक्ट्रॉन बॅटरीतून पळत बल्बकडे जातात. हे धडधडीत खोटं आहे. आणि गंजलेली क्लिप, सैल जोडणी, मीटरचा हलता आकडा, हे हाताला कधी लागणार?

विजेरी:
सर, पहिला मुद्दा लागला. साध्या सर्किटच्या तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉन सेकंदाला एक मिलिमीटरसुद्धा सरकत नाहीत, तेवढंच दाखवलं तर पडद्यावर काही हलणारच नाही म्हणून वेग वाढवतो. दुसऱ्यावर मात्र, फेटच्याच लोकांच्या 2005 च्या अभ्यासात सिमवर शिकलेली मुलं खरं सर्किट जोडण्यातही खऱ्या उपकरणांवर शिकलेल्यांपेक्षा पुढे होती.

लॅबवाले_सर:
एका विषयावरचा अभ्यास तो, त्यावरून माझी लॅब बंद करू नका. आणि वेग वाढवलाय हे मुलांना कुठे सांगता? निदान खऱ्या वेगाचं एक बटण तरी द्या.

विजेरी:
लॅब बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. पण हे बटण भारी आहे सर! दाबलं की ठिपके थिजल्यासारखे होणार आणि बल्ब तरीही पेटलेलाच राहणार, मग मुलांना विचार करावाच लागेल की हा पेटला कसा. या आठवड्यात करून बघते, पुढच्या बॅचची मुलं ते दाबून काय बोलतात ते इथे लिहीन.