घरगुती बचत नीचांकावर, तरी एसआयपी विक्रमी: हे आकडे एकत्र कसे वाचावेत?

प्रश्न : अर्थवाचक
मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2023 मधील आकडेवारीनुसार 2022-23 मध्ये कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत जीडीपीच्या 5.1 टक्क्यांवर, म्हणजे सुमारे पाच दशकांतील नीचांकावर आली होती. दुसरीकडे म्युच्युअल फंडांतील मासिक एसआयपीने, म्हणजे ठरावीक रकमेच्या नियमित हप्त्यांतील गुंतवणुकीने, एप्रिल 2024 मध्ये 20 हजार कोटी रुपयांचा टप्पा ओलांडला. लोक बचत करत नाहीत, असे समजावे तर एसआयपीचे पैसे येतात कुठून? आणि बचत घटली असेल तर त्या प्रमाणात खर्च वाढलेला का दिसत नाही? विद्यार्थ्यांनी हेच विचारले आणि त्यांना नेमके उत्तर द्यायचे आहे.

प्रतिसाद : ताळेबंद
'निव्वळ', म्हणजे नवी कर्जे वजा करून उरलेली, या शब्दाकडे बातम्यांनी दुर्लक्ष केले आणि गोंधळ तिथूनच सुरू झाला. 2021-22 मध्ये कुटुंबांनी ठेवी, विमा, भविष्य निर्वाह निधी, रोकड, म्युच्युअल फंड इत्यादींत जीडीपीच्या 11.1 टक्के इतकी भर घातली होती; 2022-23 मध्ये ती 10.9 टक्के होती, म्हणजे जवळपास तेवढीच. बदलली ती कर्जे. वर्षभरात वाढलेली वित्तीय दायित्वे (देणी) जीडीपीच्या 3.8 टक्क्यांवरून 5.8 टक्क्यांवर गेली आणि वजाबाकीत बचत आक्रसली. कर्ज काढून घर घेतले तर दायित्व वित्तीय खात्यात नोंदले जाते, घर मात्र भौतिक बचतीत जाते. त्यामुळे केवळ या एका आकड्यावरून कुटुंब गरीब झाले की त्याने मालमत्ता उभी केली, हे ठरवता येत नाही. अर्थात, तेच कर्ज सहलीसाठी किंवा दवाखान्यासाठी काढलेले असेल तर चित्र वेगळे होते, आणि या दोन्हींतला फरक या आकडेवारीत दिसत नाही.

एसआयपीचे कोडेही इथेच सुटते. मुदत ठेव न करता तेच पैसे फंडात गेले तर स्थूल (कर्जे वजा न केलेली) बचत वाढत नाही, फक्त तिची जागा बदलते. शेअरचे भाव चढल्याने मालमत्तेचे मूल्य वाढते, पण तो मूल्यबदल असतो. बचतीत त्याची नोंद होत नाही. एका कुटुंबाने दुसऱ्याकडून बाजारात शेअर घेतला, तर संपूर्ण कुटुंब क्षेत्राच्या हिशेबात काहीच बदलत नाही.

अर्थवाचक
पण शेअर बाजाराचा निर्देशांक वाढला की लोकांना श्रीमंत झाल्यासारखे वाटून खर्च वाढतो, असे पाठ्यपुस्तकात असते.

ताळेबंद
ते त्या मालमत्तेचा एकूण संपत्तीतील वाटा किती, यावर अवलंबून असते. रिझर्व्ह बँकेच्या समितीच्या 2017 मधील अहवालानुसार सरासरी भारतीय कुटुंबाच्या संपत्तीत घर, जमीन व इतर भौतिक वस्तू 84 टक्के, सोने 11 टक्के आणि वित्तीय मालमत्ता जेमतेम 5 टक्के होती. त्यानंतर गुंतवणूकदार वाढले असले, तरी सेन्सेक्सवरून सर्वसाधारण घराच्या किराणा खर्चाचा अंदाज बांधणे मला धाडसाचेच वाटते.

प्रतिसाद : उपभोग
खर्चासाठी 'खासगी अंतिम उपभोग खर्च', म्हणजे मुख्यतः कुटुंबांनी वस्तू व सेवांवर केलेला एकूण खर्च पाहा, तोही स्थिर किमतींचा, म्हणजे महागाईचा परिणाम काढलेला. चालू किमतींच्या आकड्यात महागाई मिसळलेली असते. हा आकडा दुकानांतील पावत्या मोजून येत नाही. उत्पादनात आयात मिळवून निर्यात, इतर वस्तू बनवताना झालेला वापर, गुंतवणूक वगैरे वजा करत तो मुख्यतः अंदाजाने काढला जातो, म्हणूनच तो बराच सुधारला जातो. 2023-24 साठी मे 2024 मध्ये या खर्चाची वाढ 4.0 टक्के सांगितली गेली. फेब्रुवारी 2025 मध्ये तीच 5.6 टक्के झाली. पहिल्या आकड्यावर 'मागणी गोठली' असे निष्कर्ष काढलेले अग्रलेख विद्यार्थ्यांना तारखेसह दाखवावेत, असे मी सुचवेन.

घरोघरी जाऊन विचारलेला खर्च हवा असेल, तर कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षण आहे. 2022-23 मध्ये दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात 3,773 रुपये आणि शहरी भागात 6,459 रुपये होता. आधीचे प्रसिद्ध झालेले सर्वेक्षण 2011-12 चे. 2017-18 चे निष्कर्ष सरकारने रोखले. त्यामुळे मधल्या दशकातील वर्षावर्षाचे चढउतार या मार्गाने कळत नाहीत.

प्रतिसाद : नागरी
रिझर्व्ह बँकेचे ग्राहक विश्वास सर्वेक्षणही वर्गात उपयोगी पडेल. त्यात 100 ही मध्यरेषा असते. सुधारणा सांगणारे अधिक असतील तर निर्देशांक वर, बिघाड सांगणारे अधिक असतील तर खाली. मे 2021 मध्ये सद्यःस्थितीचा निर्देशांक 48.5 पर्यंत घसरला होता. मात्र हे सर्वेक्षण शहरांचे आहे, आणि 'खर्च वाढला' असे उत्तर देणाऱ्या व्यक्तीने अधिक वस्तू घेतल्या की त्याच वस्तूंना अधिक पैसे मोजले, हे त्या उत्तरातून कळत नाही. म्हणून एकूण खर्चाच्या रकान्याआधी अत्यावश्यक आणि अनावश्यक खर्चाचे वेगळे रकाने वाचावेत. पहिला वाढलेला आणि दुसरा घटलेला असेल, तर तो खर्च बहुधा महागाईने वाढवलेला असतो.