मदत हवी आहे: सात महिन्यांच्या बाळासाठी पाळणाघर घराजवळ घ्यावं (घोडबंदर रोड) की ऑफिसजवळ (ऐरोली)?

नमस्कार. माझी लेक साडेपाच महिन्यांची आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मला कामावर रुजू व्हायचंय, तेव्हा ती सात महिन्यांची असेल. बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा आणि त्याला जोडून घेतलेली साठलेली रजा, दोन्ही तेव्हा संपतात. नोकरी सोडायची नाही, हे आमचं दोघांचं ठरलंय. त्यामुळे कृपया त्यावर चर्चा नको.

आम्ही घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या पुढे राहतो. माझं ऑफिस ऐरोलीला, नवऱ्याचं अंधेरीला. सासूबाई चिपळूणला असतात आणि सासऱ्यांची तब्येत नाजूक असल्याने त्यांना इथे येऊन राहणं शक्य नाही. आई पहिला महिनाभर येते म्हणाली आहे. पण तिचे गुडघे दुखतात आणि लेक आता पालथी पडून पुढे सरकायला लागली आहे. दिवसभर तिच्यामागे धावणं आईवर टाकावं असं मला वाटत नाही.

घराजवळ, चालत जाता येईल अशा अंतरावर एक काकू स्वतःच्या दोन खोल्यांच्या घरात पाळणाघर चालवतात. बरीच वर्षं चालवतायत, सोसायटीतली दोन मुलं त्यांच्याकडेच वाढली. घर स्वच्छ आहे. ओट्यावर प्रत्येक बाळाची बाटली आणि वाटी वेगळी, त्यावर चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं. आतल्या खोलीत झोळी बांधलेली होती, एक बाळ झोपलं होतं आणि काकू पायाने झोका देत दुसऱ्याला पेज भरवत होत्या. मला त्यांची माया खरी वाटली. पण मदतीला एकच मुलगी आहे, ती दुपारी जाते, आणि बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू होता. संध्याकाळी साडेसातला बाळ न्यावं लागेल असंही त्या म्हणाल्या. घोडबंदर रोडला एखादा ट्रेलर बंद पडला की मी साडेसातला पोचेनच असं छातीठोकपणे नाही सांगू शकत.

दुसरं पाळणाघर ऑफिसपासून जवळ, ऐरोलीत. मोठं आहे, कॅमेरे आहेत, मोबाइलवर बाळ दिसतं. दुपारी जाऊन पाजता येईल, हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं. मी अजून पूर्ण अंगावर पाजते आणि वर्षभर तरी चालू ठेवायची इच्छा आहे. पण आम्ही गेलो तेव्हा लहान बाळं खुर्च्यांत ओळीने बसवलेली होती, भिंतीवर गाणी चालू होती आणि एक ताई ओळीने सगळ्यांच्या तोंडात एकाच चमच्याने घास देत होती. तो चमचा काही केल्या डोक्यातून जात नाही. शिवाय लेकीला रोज नेणार कशी? रिक्षाने ठाणे स्टेशन, मग ट्रान्स हार्बरची गाडी, तीही पावसाळ्यात. कॅबने मुलुंड-ऐरोली पुलावरून गेलं तर रोजचा खर्च पाळणाघराच्या फीच्या वर जातो.

तिसरा पर्याय ब्युरोमार्फत बारा तासांची बाई. बाळ घरातच राहील हे खरं, पण घरात दुसरं मोठं माणूस कोणीच नसताना अनोळखी बाईच्या भरवशावर न बोलणारं बाळ ठेवायला मन धजत नाही.

ऑफिसकडून पाळणाघर मिळतं का, असं कोणी विचारेल म्हणून सांगते. एचआरने एका पाळणाघराशी करार आहे असं कळवलं, पण ते पवईला आहे.

तर मला विचारायचंय: इतक्या लहान बाळाला घराजवळ ठेवावं की माझ्या ऑफिसजवळ? आणि पाळणाघर बघायला गेल्यावर नेमकं काय विचारावं? ज्यांनी ठाणे-ऐरोली भागात हे केलंय त्यांनी जरूर लिहा.

प्रतिसाद:

माझा मुलगा आता चार वर्षांचा आहे, आठव्या महिन्यापासून पाळणाघरात. आम्ही कोपरखैरणेला राहतो. माझं स्पष्ट मत घराजवळच्या बाजूने आहे. बाळाला ताप आला किंवा तुम्हालाच बरं नसलं, की ऑफिसजवळचं पाळणाघर निरुपयोगी होतं. ज्या दिवशी तुम्ही घरून काम करता त्या दिवशीही. आणि बाबाला कधीच आणता-नेता येत नाही, सगळा भार आईवरच पडतो. घराजवळ असेल तर सोसायटीतली मैत्रीणसुद्धा अडीअडचणीला घेऊन येऊ शकते.

दुधाची काळजी करू नका. काढलेलं दूध फ्रीजमध्ये चार दिवस टिकतं, बाहेर मात्र चार तासांच्या वर ठेवायचं नाही, आणि आपल्या उन्हाळ्यात तर त्याआधीच वापरावं. बाटली गरम पाण्याच्या भांड्यात धरून कोमट करायची, मायक्रोवेव्ह नको. उरलेलं उष्टं दूध टाकून द्यायचं. हे काकूंना एकदा करून दाखवा, जुन्या पिढीला दूध फेकणं जड जातं. वाटी-चमच्याने पाजायची सवय आतापासून लावा, आणि ती तुमच्या हातून नाही तर बाबाच्या हातून. आई समोर असताना बाळ चमच्याने का पिईल?

बघायला जाताना वेळ न सांगता जा, आणि दुपारी साडेबाराच्या सुमारास जा. तेव्हा भरवणं, झोपवणं, लंगोट बदलणं सगळं एकदम चालू असतं, त्या गडबडीत खरं काय ते दिसतं. एक वर्षाखालची बाळं किती आणि त्यांच्यासाठी माणसं किती, हे विचारा. माझ्या मते तीन बाळांमागे एक बाई हवीच. काकू एकट्या असताना पाच बाळं असतील तर त्या कितीही प्रेमळ असोत, हात दोनच. बाळ पालथं झोपलं तर कोण बघतं? औषध कोण देतं, लिहून ठेवतात का? आजारी मूल आलं तर परत पाठवतात का? त्यांनी तुमच्याकडे लसीकरणाचं कार्ड मागितलं तर चांगली खूण समजा. गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यात असते, तोवर तुमच्या लेकीला बाकीच्यांनी घेतलेल्या लसींचाच आधार आहे. आणि मध चाटवणार नाही, हे वर्षभरासाठी ठरवून घ्या.

प्रतिसाद:

पवईच्या पाळणाघराबद्दल. एचआरला लेखी विचारा. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात (मातृत्व लाभ कायदा) २०१७ला झालेल्या दुरुस्तीत ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन बाळाला भेटायची मुभा आली. पवईला चार वेळा कोण जाणार? त्यापेक्षा घराजवळच्या पाळणाघराची फी भरपाई म्हणून द्या असं मागा. आमच्या ऑफिसने दिली. रुजू झाल्यावर पहिले काही महिने घरून काम मिळेल का, हेही त्याच मेलमध्ये विचारा, तशी तरतूदही त्या दुरुस्तीत आहे.

मूळ धागाकर्ती:

दोघींचे मनापासून आभार. बाबालाही आणता-नेता यायला हवं हे डोक्यातच आलं नव्हतं, आणि नवऱ्याला ते लगेच पटलं. तो संध्याकाळी माझ्याआधी पोचतो. एचआरला आज मेल केली. काकूंकडे उद्या दुपारी न सांगता जाणार आहे. मदतनीस मुलगी संध्याकाळपर्यंत थांबावी म्हणून आम्ही तिघी-चौघी पालकांनी मिळून थोडे जास्त पैसे दिले तर, असं बोलून बघावं का? असं कोणी केलंय का? काकूंना न दुखावता हा विषय कसा काढावा, तेही सांगा. आई महिनाभर असेल तेव्हाच लेकीला रोज थोडा वेळ तिथे सोडायला सुरुवात करेन म्हणते.