शब्दचर्चा: आत्महत्येचा प्रयत्न ‘अयशस्वी’ कसा असेल?

एका लेखाच्या भाषांतरात अडले आहे. जगात बहुतेक ठिकाणी आत्महत्येचे प्रयत्न बायका जास्त करतात, मृत्यू मात्र पुरुषांचे जास्त होतात. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा अंदाज दर लाखामागे पुरुष १२.६, स्त्रिया ५.४ असा आहे. याला ‘जेंडर पॅराडॉक्स’ म्हणतात. ‘लिंगविरोधाभास’ चालेल का? आणि ‘अनसक्सेसफुल अटेम्प्ट’साठी ‘अयशस्वी प्रयत्न’ लिहिताना हात थांबला.

—

‘लिंगभाव-विरोधाभास’ घ्या. लिंग शरीराचं, लिंगभाव समाजाने शिकवलेला. आणि इथली बरीचशी कारणं शिकवलेलीच आहेत. रडणं पुरुषाला शोभत नाही हे लहानपणापासून ऐकलेला माणूस डॉक्टरकडे उशिरा जातो, किंवा जातच नाही. दारूचं व्यसनही पुरुषांत जास्त. बायकांत नैराश्य जास्त आढळतं, जोडीदाराकडून होणारा छळही. पण त्या त्यामानाने लवकर कुणाशी तरी बोलतात.

—

‘बायकांना खरं मरायचंच नसतं’ असं स्पष्टीकरण लेखात असेल तर जपून. १९९० च्या दशकात चीनच्या ग्रामीण भागात आत्महत्येने मरणाऱ्यांत स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त होत्या. हाताशी असलेलं साधन किती घातक आणि उपचार किती लांब, यावरही जगणं-मरणं ठरतं. कुणी वाचलं म्हणून त्याची वेदना खोटी ठरत नाही.

‘अयशस्वी’ आणि ‘फसलेला’ दोन्ही खोडा. मरण हे यश नव्हे. ‘आत्महत्येचा प्रयत्न केला, त्यातून बचावली’ एवढं पुरे. माझ्या बहिणीच्या बाबतीत ‘नाटक’ हा शब्द आमच्याच घरात वापरला गेला. आधीचा प्रयत्न हा पुढच्या धोक्याचा फार मोठा इशारा असतो, हे तेव्हा आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

—

पटलं, दोन्ही बदलते. घरच्यांनी काय विचारावं असाही एक भाग आहे. तिथे ‘जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का’ असं लिहू का?

—

कथेत शोभेल, विचारताना नको. समोरच्याला ‘छे, तसं काही नाही’ म्हणून निसटता येतं. ‘आत्महत्येचे विचार येतात का?’ असंच लिहा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते, ही भीती खरी नाही. पुरुषाला तर सरळच विचारावं. ‘कसा आहेस’वर ‘बरा आहे’ हे त्याचं उत्तर तयारच असतं.